तिकिटाची प्रत आणि तिची अक्षरे



गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात वांगी घेताना आपण ती उलटून पाहतो, देठ पाहतो, कीड पाहतो आणि मग भाव विचारतो. टपालाच्या जुन्या तिकिटांचा व्यवहारही असाच आहे. फरक एवढाच की, तिथे देठ आणि कीड इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेली असतात. ती ज्याला वाचता येत नाहीत, त्याच्या मालाची किंमत दुसराच ठरवतो. माझी शाळा सातवीत सुटली. पगारपत्रकावरचे डी.ए., पी.एफ., ई.एस.आय. कामगारांना समजावून देता देता माझे उरलेले शिक्षण झाले. तिकिटांची अक्षरे मात्र एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीमुळे शिकलो.

वहिनी एक दिवस युनियनच्या कचेरीत आल्या. हातात नवऱ्याने तीस वर्षे जमवलेला आल्बम आणि एका व्यापाऱ्याची यादी. प्रत्येक तिकिटापुढे दोन-चार अक्षरे आणि शेवटी एक लहानसा आकडा. “भाऊ, ह्यात फसवणूक आहे का?” मला सांगता येईना. आम्ही भिंग घेऊन बसलो.

नाशिककरांना हे ठाऊक असायला हरकत नव्हती. पूर्वी आपली तिकिटे लंडनहून छापून येत. 1925 साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि 1926 पासून तिकिटे तिथे छापली जाऊ लागली. तिकिटे आपल्या दारात छापली जातात, पण त्यांची प्रत ओळखणे आपण शिकलो नाही.

आधी तिकिटाची पाठ पाहावी. टपाल कचेरीतून निघाले तसे गोंदासह कोरे राहिलेले तिकीट म्हणजे ‘मिंट’. आल्बममध्ये तिकीट बसवायला पूर्वी पातळ कागदाची गोंद लावलेली पट्टी वापरीत. तिला ‘हिंज’ म्हणतात. ती कधीच न लागलेले तिकीट ते ‘एम.एन.एच.’, म्हणजे मिंट नेव्हर हिंज्ड. लागून गेल्याची खूण असेल तर ‘एम.एच.’, खूण पुसट असेल तर ‘एल.एच.’. गोंदच नसेल तर ‘एन.जी.’. काही याद्यांत अक्षरांऐवजी तारका असतात : दोन तारका म्हणजे एम.एन.एच., एक म्हणजे हिंज लागलेले, कंसातली एक म्हणजे गोंदाविना. कित्येक संस्थानांची तिकिटे मुळातच गोंदाविना निघत. तिथे एन.जी. हा दोष नव्हे. उलट, गोंद गेलेल्या महागड्या तिकिटाला नवा गोंद फासून विकणारेही आहेत. 15 ऑगस्ट 1948 रोजी निघालेले, स्वित्झर्लंडमध्ये छापलेले गांधीजींचे दहा रुपयांचे तिकीट कोणी ‘मिंट’ म्हणून दिले, तर आधी पाठ जाणकाराला दाखवावी.

मग तिकिटाचे तोंड पाहावे. चित्र चारही कडांपासून सारख्या अंतरावर आहे का, यावर ‘व्ही.एफ.’ म्हणजे अतिउत्तम, ‘एफ.’ म्हणजे उत्तम, अशी प्रत लावतात. कडेची छिद्रे दोन सेंटिमीटरात किती बसतात ते मोजतात. एखादा दात तुटलेला असला की किंमत उतरते. 1854 च्या तिकिटांना छिद्रेच नव्हती, ती कात्रीने कापीत. त्यांच्या बाबतीत चारही बाजूंना कोरी कड किती उरली ते पाहतात. ‘थिन’ म्हणजे हिंज ओढून काढताना पाठीचा कागद सोलून निघालेली जागा. उजेडासमोर धरताच ती दिसते. ‘टोनिंग’ म्हणजे दमट हवेने पडलेले तांबूस डाग. आपल्या पावसाळ्याची ही देणगी.

वापरलेल्या तिकिटाला ‘यू.’ लिहितात. ‘सी.टी.ओ.’ म्हणजे पत्र न पाठवताच संग्राहकांसाठी शिक्का मारून दिलेले तिकीट. शिक्का पुढे असतो, गोंद मागे शाबूत असतो. आणि तिकीट मूळ पाकिटावरच असेल तर ‘ऑन कव्हर’.

आता वहिनींच्या यादीकडे वळू. एकेक ओळ तपासली आणि कबूल करावे लागले की, व्यापारी खरा होता. आमच्या मित्राने कोरी तिकिटे गव्हाच्या खळीने वहीत घट्ट डकवली होती. जिवापाड जपण्याच्या त्या रीतीनेच त्यांची किंमत गेली होती. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ट्रंकेत त्यांची पाकिटे आहेत, ती रद्दीत देऊ का?” लग्नानंतर नोकरीसाठी गावोगाव फिरताना त्याने घरी धाडलेली ती पत्रे होती. तिकिटे जागच्या जागी, गावाचे नाव आणि तारीख स्पष्ट वाचता येतील असे शिक्के. व्यापाऱ्याच्या यादीत ती नव्हतीच, कारण ती त्याला कोणी दाखवलीच नव्हती. दुसऱ्या जाणकाराने त्यांतल्या मोजक्या पाकिटांचा जो भाव सांगितला, तो साऱ्या आल्बमहून अधिक होता. वहिनींनी आल्बम विकला, पाकिटे ठेवली. भाव कळल्यावर ठेवली, हे महत्त्वाचे.

म्हणून विनंती एवढीच. घरात जुनी पत्रे निघाली तर तिकिटे कापू नका, पाण्यात भिजवू नका. बोटांऐवजी चिमट्याने धरा, पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवा. आणि अक्षरे न समजलेल्या कोणत्याही यादीवर, मग ती पगाराची असो वा तिकिटांची, सही करू नका.