गोचिडीचा दंश आणि तीन व्याधींची गुंफण

अमेरिकेच्या ईशान्य भागातील कनेटिकट राज्यात लाइम नावाचे एक छोटे गाव आहे. दाट झाडी, हरणांचा मुक्त संचार आणि झाडीला लागूनच असलेली घरे, असा हा परिसर. १९७५ मध्ये तेथील पॉली मरे आणि शेजारच्या ओल्ड लाइममधील ज्यूडिथ मेन्श या दोन मातांनी राज्याच्या आरोग्य खात्याचे लक्ष एका चमत्कारिक गोष्टीकडे वेधले. परिसरातील अनेक मुलांचे गुडघे सुजत होते आणि डॉक्टर त्याला बाल-संधिवात म्हणत होते. परंतु हा रोग विरळा. तो एकाच आळीतील इतक्या मुलांना व्हावा, हे संभवनीय नव्हते. मरे यांचे स्वतःचे दुखणेही कित्येक वर्षे निदानावाचून चालले होते. तरीही त्यांनी लक्षणांची काळजीपूर्वक टिपणे ठेवली होती. येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तक्रारींची तपासणी केली आणि ५१ रुग्णांची माहिती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. रोगाला गावाचेच नाव मिळाले. पुढे विली बुर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्राच्या आकाराचे जंतू आढळले. १९८२ मध्ये हा शोध जाहीर झाला आणि जंतूला त्यांच्याच नावावरून 'बोरेलिया बुर्गडॉर्फेरी' असे म्हटले जाऊ लागले.

रोग कसा जडतो?

हा जंतू मुख्यतः रानउंदरांच्या शरीरात वसतो. गोचिडीचे पिल्लू उंदराचे रक्त शोषताना जंतू ग्रहण करते आणि पुढच्या अवस्थेत माणसाला चावले, तर तो त्याच्या शरीरात सोडते. या अवस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीच असते व तिचा दंश दुखत नाही. त्यामुळे पुष्कळ रुग्णांना आपल्याला काही चावल्याचे आठवतही नाही. अमेरिकेतील या गोचिडीकडून जंतू शरीरात शिरण्यास सामान्यतः एक दिवसाहून अधिक काळ लागतो; म्हणून रानातून परतल्यावर अंग तपासून गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढणे, हा साधा पण मोलाचा उपाय ठरतो.

दंशानंतर काही दिवसांनी बहुसंख्य रुग्णांच्या त्वचेवर लाल चट्टा उठतो व हळूहळू पसरत जातो. ताप, थकवा, अंगदुखी ही लक्षणे दिसतात. उपचार न झाल्यास पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे किंवा सांधे सुजणे असे परिणाम संभवतात. रक्ततपासणीत जंतू नव्हे, तर शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधली जातात. ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून आरंभीची तपासणी निर्दोष आली तरी रोग नाहीच, असे म्हणता येत नाही.

औषधाची दुसरी बाजू

या रोगावर प्रतिजैविक औषधे गुणकारी आहेत. आरंभीच्या अवस्थेत डॉक्सिसायक्लिनसारखे औषध १० ते १४ दिवस पुरते. सांधे सुजले असल्यास ते सुमारे महिनाभर द्यावे लागते. परंतु प्रतिजैविकाला मित्र आणि शत्रू यांतील भेद कळत नाही. तोंड, आतडे व योनी यांमधील निरुपद्रवी जंतूही त्याने मरतात. हेच जंतू एरवी कँडिडा नावाच्या यीस्टला आवर घालीत असतात. त्यांचा धाक नाहीसा होताच यीस्ट फोफावते. जिभेवर व गालांच्या आत पांढरा थर साचतो, तोंडाची आग होते. स्त्रियांना योनीमार्गात कंड सुटते व पांढरा स्राव जातो.

यीस्ट हे कवक असल्यामुळे त्यावर वेगळी औषधे लागतात. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन महिला शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये शोधलेले निस्टॅटिन हे त्यांपैकी एक. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. शरीरभर पसरलेले यीस्ट हेच सर्व थकव्याचे मूळ आहे आणि साखर पूर्ण वर्ज्य केल्याने ते जाते, असा एक समज १९८० नंतर बराच फैलावला. त्याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. आधीच अशक्त झालेल्या रुग्णाने कडक पथ्याने आणखी खंगणे हिताचे नव्हे.

जबड्याचे दुखणे

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले, की जबड्याचा सांधा हलताना जाणवतो. लाइम रोगात गुडघा सर्वाधिक सुजतो, परंतु हा लहानसा सांधाही त्यातून सुटत नाही. घास चावताना, जांभई देताना कळ येते. ती कानात किंवा दाढेत गेल्यासारखी वाटते आणि रुग्ण दंतवैद्याकडे जातो. मात्र प्रत्येक जबडादुखी या रोगाचीच असते असेही नाही. चिंतेमुळे झोपेत दात आवळण्याची सवय लागली, तरी हेच दुखणे उद्भवते; आणि दीर्घ आजारात चिंता व अपुरी झोप ही असतातच.

येथे उपाय सौम्य असावेत. मऊ अन्न, लहान घास, उबदार शेक आणि जबड्याला विश्रांती यांनी पुष्कळांना आराम पडतो. रात्री दातांवर बसवण्याचे आवरण दिले असेल, तर ते रोज स्वच्छ करावे, कारण यीस्ट त्यालाही चिकटते. सांध्यावर घाईने शस्त्रक्रिया करवून घेऊ नये.

गुंफण कशी सोडवावी?

अशा प्रकारे पहिल्या रोगाचे औषध दुसऱ्याला वाट करून देते आणि तिसरा दाताच्या दुखण्याचे सोंग घेतो. काही रुग्णांचा थकवा व वेदना उपचारानंतरही महिनोन्‌महिने टिकतात. या वेदना खऱ्या असतात. परंतु त्यांसाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविके घेतल्याने अधिक लाभ होत नाही, असे अमेरिकेत २००१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसून आले. यीस्टचा उपद्रव मात्र वाढू शकतो. म्हणून कोणते लक्षण कोणत्या दिवशी उद्भवले, कोणते औषध केव्हा सुरू झाले, याची नोंद रुग्णाने ठेवावी आणि ती डॉक्टर व दंतवैद्य या दोघांनाही दाखवावी. एका औषधाचा परिणाम आणि मूळ रोग यांतील फरक अशा नोंदीतूनच उमगतो.

भारतात गोचिडीमुळे होणारा माकडताप कर्नाटकात १९५७ पासून ज्ञात आहे व पुढे तो गोवा आणि सिंधुदुर्गातही आढळला. तो विषाणूचा रोग असल्याने त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. दंश सारखा असला तरी रोग निराळा असतो. लाइममधील त्या मातेच्या टिपणांनी एका रोगाला नाव मिळवून दिले; आपल्या दुखण्याकडे डोळसपणे पाहणाऱ्या रुग्णाचे सहकार्य वैद्यकाला आजही तितकेच आवश्यक आहे.