गाडीचा श्वास, घरचा घास

वस्तीतून एखादी मोटारसायकल घर्रर्र करीत गेली की वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात आणि पोरे कौतुकाने मान वळवून पाहतात. आपण समजतो की सायलेन्सर फाटला असेल. परंतु पुष्कळ वेळा सायलेन्सर शाबूत असतो. सीटखालचा फिल्टर बॉक्स काढून त्याच्या जागी घरीच बनवलेला पाइप बसवलेला असतो. या खटपटीला पोरे ‘थंड हवेची नळी’ म्हणतात. इंजिनला गार हवा मिळाली की ताकद वाढते, असा त्यामागचा विचार आहे. विचार खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि अर्ध्या विचाराची किंमत कधी कधी सगळ्या घराला मोजावी लागते.

नागपूरकडच्या एका घरातली ही गोष्ट. थोरला मुलगा दिवसभर पार्सले पोचवतो. त्यासाठी त्याने १५० सीसीची जुनी, कार्बोरेटरची मोटारसायकल हप्त्यांवर घेतलेली. घराचा किराणा आणि बारावीतल्या बहिणीची फी याच दोन चाकांवर चालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि दुपारची गाडी ओढत नाही असे त्याला वाटू लागले. मित्राने सल्ला दिला. एका रविवारी त्याने फिल्टर बॉक्स काढला, पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा आणि एक एल्बो जोडला, टोकाला बाजारातला शंकूच्या आकाराचा फिल्टर लावून क्लॅम्प आवळला. गाडी सुरू केली, आणि आवाज असा आला की शेजारी बाहेर आले.

“गाडी अशी का ओरडते रे?” आईने विचारले.

“आई, आता ती मोकळा श्वास घेते.”

संध्याकाळी मामा आले. आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस. ते रागावले नाहीत. पाइप हाताने चाचपून म्हणाले, “काम सफाईदार केलंस. पण किती पळते ते मोजलंस का?”

“मोजायचं काय मामाजी, आवाजच सांगतो ना!”

“आवाज कानाला सांगतो. घड्याळ काय सांगतं ते बघू.”

दोघे मोकळ्या, सरळ रस्त्यावर गेले. चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगापासून ६० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजले. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, म्हणजे वाऱ्याचा हिशेब समान व्हावा. मग तिथेच जुना बॉक्स पुन्हा बसवला आणि तीच मोजणी केली. घड्याळ दाबताना बोट जेवढे मागेपुढे होते, त्यापलीकडे फरक निघाला नाही. उलट नवा पाइप असताना पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की गाडी मध्येच अडखळत होती.

असे का झाले?

गार हवा जड असते ही गोष्ट खरी. तापमान १० अंशांनी उतरले तर तेवढ्याच जागेत मावणाऱ्या हवेचे वजन सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. हवा जास्त म्हणजे तिच्यासोबत जाळता येणारे पेट्रोलही जास्त, आणि ताकदही त्या प्रमाणात जास्त. १४ अश्वशक्तीच्या गाडीला यातून फार तर अर्ध्या अश्वशक्तीच्या आत लाभ होईल. तोही पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तरच! गर्दीतून अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालणाऱ्या गाडीला जादा हवा हवी असेल तर ती नळीत नसून आपल्या मनगटात असते. थोडी मूठ पिळली की मिळते.

शिवाय ही गार हवा आणायची कुठून? मोटारगाडीचे इंजिन बॉनेटखाली कोंडलेले असते. तिथे बाहेरून नळी आणण्याला काही अर्थ आहे. मोटारसायकलचे इंजिन उघड्यावर असते, आणि फिल्टर बॉक्स बहुधा सीटखाली किंवा बाजूच्या पत्र्यामागे, इंजिनच्या झळेपासून थोडा आडोशाला असतो. तो काढून कार्बोरेटरच्या तोंडाशीच शंकू लावला, तर तो तापलेल्या सिलिंडरच्या मागच्या झळीत येतो. म्हणजे थंड हवेच्या नावाने आपण इंजिनला गरम हवा पाजतो. आणि रस्त्यावरच ४५ अंश असतील, तर कोणतीही नळी त्याहून गार हवा आणू शकत नाही.

काही जण नळीचे तोंड पुढे वळवतात आणि वाऱ्याच्या जोराने हवा आत कोंबली जाईल अशी आशा करतात. कावासाकी कंपनीने १९९० साली झेडझेड-आर ११०० या गाडीत अशी सोय केली होती. पण ती गाडी ताशी २७० किलोमीटरच्या पलीकडे धावणारी. त्या वेगाला वाऱ्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबात सुमारे ३ टक्के भर घालतो. आपल्या ताशी ६० च्या वेगाला ही भर अर्धा टक्कादेखील नाही, १ टक्क्याचा जेमतेम सहावा भाग आहे.

बॉक्स म्हणजे नुसता डबा नव्हे

चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढते. मिनिटाला ८,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ श्वास. या धक्क्यांना शांत हवेचा साठा हाताशी असावा म्हणून बॉक्सचा आकार आणि त्याच्या तोंडाचे माप ठरवलेले असते. हवा ओढण्याचा आवाजही तोच दाबतो. बॉक्स काढल्यावर जो आवाज येतो तो ताकदीचा नसून या उघड्या पडलेल्या श्वासाचा असतो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटरमधले जेट या मापाला धरून, तो बॉक्स गृहीत धरून निवडलेले असतात. हवेची वाट मोकळी केली की कार्बोरेटरमधली ओढ कमी होते आणि पेट्रोल कमी खेचले जाते. मिश्रण कोरडे पडते. गाडी अडखळते, सायलेन्सरमध्ये फटफट वाजते, इंजिन तापते आणि प्लगचे टोक पांढरे पडते. मामांनी प्लग काढून दाखवला तेव्हा तो असाच पांढरा होता. याकडे दुर्लक्ष केले तर पिस्टनवर येते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांना इंजेक्शन आले. त्यातील संगणक थोडीफार चूक सांभाळून घेतो, पण तेही मर्यादेतच.

तिसरी गोष्ट धुळीची. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. स्वस्त फिल्टरच्या जाळीतून किंवा सैल क्लॅम्पच्या फटीतून ते आत गेले की सिलिंडर आणि रिंगा पॉलिश पेपरसारख्या घासतात. मग गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते आणि शेवटी इंजिन खोलून बोअर करावे लागते. तितके दिवस गाडी गॅरेजमध्ये, आणि कमावता माणूस घरी.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. नळीचे तोंड खाली असले आणि गाडी साचलेल्या पाण्यात शिरली, तर इंजिन पाणी ओढते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पीव्हीसीचे म्हणाल तर ते ७०-८० अंशांवर मऊ पडू लागते. तापलेल्या सिलिंडरला टेकलेली नळी वाकून बसते. इंजिनची वाफ बाहेर सोडणारी बारीक नळीही बऱ्याच गाड्यांत फिल्टर बॉक्सलाच जोडलेली असते. बॉक्स गेला की ती उघडी लोंबकळते आणि तिच्यातूनही धूळ आत जाऊ शकते.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग करावे काय?

मामा आणि भाच्याने दुसऱ्या दिवशी जे केले तेच कुणीही करावे. मूळ बॉक्स उघडला तेव्हा फिल्टर धुळीने पार भरलेला निघाला. गाडीला हवा खरोखरच कमी पडत होती! नवा फिल्टर बसवला. बॉक्सच्या झाकणाचे रबर आणि कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीचे क्लॅम्प तपासले. बॉक्सच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या नळीतला गाळ काढला. प्लग, चेन आणि टायरमधली हवा पाहिली. गाडी पूर्वीसारखी ओढू लागली.

फिल्टरबाबत एवढे सांभाळावे. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून फिल्टरचे ऑइल लावावे. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारावी. तेलकट कागदाचा असेल तर तो साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी त्याआधीच बदलावा.

आणि पालकांना एक विनंती. पोराने पाइप कापून जोडला, क्लॅम्प आवळला, इंजिन श्वास कसा घेते याचा विचार केला, ही काही वाया गेलेली अक्कल नव्हे. त्याला शिव्या देऊ नका. मोजायला शिकवा. दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी करा.

त्या घरात तो पीव्हीसीचा तुकडा अजून खिळ्याला टांगलेला आहे. आईने एकदा विचारले, “हा फेकायचा का रे?”

“राहू दे आई,” तो म्हणाला, “मामाजींनी त्यावर सेकंद लिहून ठेवलेत.”