न वापरलेल्या हाताचा अभ्यास : पक्षाघातोत्तर पुनर्वसनाचा मागोवा

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा कामाला कसा लावावा, या प्रश्नाच्या आधुनिक अभ्यासाचे एक मूळ 1895 साली मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात आहे. हाताच्या संवेदना मज्जारज्जूकडे नेणारी चेतामुळे त्यांनी कापली, तेव्हा स्नायूंना आज्ञा देणारे तंतू शाबूत असूनही माकडाने तो हात वापरणे सोडले. त्यावरून संवेदनेवाचून ऐच्छिक हालचाल शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो दीर्घकाळ मान्य राहिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडाचा चांगला हात बांधून पाहिला, आणि संवेदना हरवलेल्या हाताने ते अन्न उचलू लागले. टॉब यांच्या मते, इजेनंतरच्या पहिल्या काळात हात खरोखरच निकामी असतो, प्रत्येक प्रयत्न फसतो, दुसऱ्या हातावर भागून जाते, आणि पुढे चेतासंस्था सावरली तरी न वापरण्याची सवय मागे उरते. या अवस्थेला त्यांनी ‘शिकलेली निष्क्रियता’ मानले. दुर्बलतेचा काही भाग तरी सवयीचा असतो आणि म्हणून तो मोडता येतो, हे या क्षेत्रातील सर्वांत फलदायी अनुमान म्हणावे लागेल.

त्याची किंमत मात्र मुक्या प्राण्यांनी मोजली, हे विसरता येत नाही. 1981 साली मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील टॉब यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडून 17 माकडे ताब्यात घेतली गेली. टॉब यांना झालेली शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली, कारण संघराज्याच्या निधीवर चालणाऱ्या संशोधनाला राज्याचा प्राणिक्रौर्यविरोधी कायदा लागू नव्हता. त्यांतीलच काही माकडांच्या मेंदूची तपासणी 1991 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हाताच्या संवेदनांसाठी असलेला मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे बाहेरील थराचा, भाग चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देत असल्याचे दिसले. प्रौढ मेंदूची रचना कायमची ठरलेली असते, या समजुतीला त्याने मोठा धक्का दिला.

1993 साली टॉब आणि सहकाऱ्यांनी मानवी रुग्णांवरील निष्कर्ष मांडले. चांगला हात जागेपणी 14 दिवस झोळीत अडकवून, त्यांपैकी 10 दिवस रोज सहा तास दुर्बल हाताकडून सराव करून घेतला असता जुन्या रुग्णांतही सुधारणा झाली. रुग्ण अवघे नऊ होते. परंतु 2006 सालच्या ‘एक्साइट’ चाचणीत 222 रुग्णांवर याच पद्धतीचा लाभ नेहमीच्या उपचारांहून अधिक आणि वर्षभर टिकणारा ठरला. मनगट व बोटे थोडीफार उघडता येणाऱ्यांनाच तिचा उपयोग होतो, ही मर्यादा लहान नाही.

जितका सराव लवकर आणि अधिक तितके बरे, हा त्यातून काढला जाणारा ढोबळ अर्थही टिकला नाही. 2015 सालच्या ‘अव्हर्ट’ चाचणीत 24 तासांच्या आत, अधिक वेळा अंथरुणाबाहेर काढलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती तुलनेने कमी अनुकूल आढळली. भारतातील 14 रुग्णालयांतील 1,250 रुग्णांच्या ‘अटेंड’ चाचणीत (2017) कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन पुनर्वसन घरी सोपवले गेले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण हा गट आणि नेहमीचे उपचार मिळालेला गट, अशा दोन्ही गटांत 47 टक्केच राहिले. भौतिकोपचारतज्ज्ञांची उणीव घरच्यांच्या मायेने भरून काढता येईल, या आशेवर धोरण उभे करणाऱ्यांनी हा आकडा गांभीर्याने घ्यावयास हवा.