आंबट पदार्थ आणि पितळेची भांडी

काळवंडलेला तांब्याचा जुना पैसा चिंचेने घासला असता लखलखीत होतो. वरचा काळा थर चिंचेच्या आम्लात विरघळतो, हे त्याचे कारण होय. ते तांबे चिंचेच्या कोळात उतरते.

पितळेत तांबे व जस्त असल्याने त्याच्या भांड्यातही हेच घडते. अमळनेरकडे आखाजीस आमरस करतात. तो कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ठेवल्यास कळकतो व खाणारास मळमळ, वांत्या आणि पोटशूळ होतो.

यास्तव सणापूर्वी शिसे न मिसळलेल्या कथिलाची कल्हई करवून घ्यावी. आतून पिवळे पितळ दिसू लागताच ती पुन्हा करवावी. तोवर ताक, कढी व रस स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात ठेवावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी.