फ्रान्सिस पर्किन्स : पाहणीतून घडलेला कायदा आणि कायद्याबाहेरच्या कामकरी स्त्रिया

अमेरिकेच्या इतिहासातील कर्तबगार स्त्रियांचा विषय निघाला की मताधिकारासाठी झटलेल्या आणि गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांची नावे प्रथम घेतली जातात. परंतु त्या देशातील सामान्य माणसाच्या कामाच्या तासांवर, किमान मजुरीवर आणि म्हातारपणच्या मिळकतीवर जिचा ठसा सर्वाधिक खोल उमटला, त्या फ्रान्सिस पर्किन्स (१८८०–१९६५) यांची आठवण खुद्द अमेरिकेतही क्वचितच काढली जाते. ४ मार्च १९३३ रोजी त्या मजूरमंत्री झाल्या, आणि केंद्रीय मंत्रिमंडळात स्थान मिळवणाऱ्या या पहिल्या स्त्रीने ते पद १२ वर्षांहून अधिक काळ, म्हणजे इतर कोणत्याही मजूरमंत्र्यापेक्षा जास्त, सांभाळले. आधी प्रत्यक्ष पाहणी करावी, तिची चोख नोंद ठेवावी, मग मिळेल तेवढा कायदा पदरात पाडून घ्यावा आणि राहिलेल्या भागासाठी पुन्हा झगडावे, ही त्यांची कार्यपद्धती होती. ती कोठे फळाला आली आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हा प्रश्न त्यांच्या पहिलेपणाच्या मानाहून अधिक महत्त्वाचा आहे.

या पद्धतीची परंपरा पर्किन्स यांच्या आधीची होती. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत स्थापन केलेले हल हाउस हे ‘सेटलमेंट हाउस’ होते, म्हणजे सुशिक्षित कार्यकर्त्यांनी गरीब वस्तीत स्वतः राहून शेजाऱ्यांसाठी शिकवणी, पाळणाघर यांसारखी कामे चालवण्याचे ठिकाण. तेथे राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली १८९३ मध्ये इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. स्त्रियांना दिवसाला ८ तासांहून अधिक काम देऊ नये, ही त्याच वर्षीच्या कायद्यातील तरतूद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केली, तरी केली यांनी हार मानली नाही, आणि १८९९ पासून त्यांनी राष्ट्रीय ग्राहक संघाची धुरा वाहिली. माल खरेदी करणाऱ्यांनी तो बनवणाऱ्यांच्या हालअपेष्टांची जबाबदारी ओळखावी आणि मालकांवर दबाव आणावा, ही या संघाची भूमिका होती. माउंट होलिओक महाविद्यालयात शिकताना कारखान्यांची पाहणी करण्याचे धडे घेतलेल्या आणि केली यांच्या विचारांनी भारावलेल्या पर्किन्स १९१० मध्ये संघाच्या न्यूयॉर्क शाखेच्या कार्यवाह झाल्या.

२५ मार्च १९११ रोजी, शनिवारी दुपारी, न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन चौकाजवळील दहा मजली ॲश इमारतीत आग लागली. इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ‘ट्रँगल’ या कंपनीचा शर्टवेस्ट, म्हणजे स्त्रियांचे बाह्यांचे ब्लाउज, शिवण्याचा कारखाना होता. नवव्या मजल्यावरचे जिन्याचे एक दार कुलूपबंद होते, बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक तरुण ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुली होत्या. त्या वेळी जवळच असलेल्या पर्किन्स यांनी धावत येऊन खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या मुली प्रत्यक्ष पाहिल्या. मालकांवर खटला चालला, परंतु दाराला कुलूप असल्याचे त्यांना ठाऊक होते हे सिद्ध न झाल्याने ते डिसेंबर १९११ मध्ये निर्दोष सुटले.

न्यायालयात जे साधले नाही ते विधिमंडळात साधले. आगीनंतर नेमलेल्या राज्य कारखाना चौकशी आयोगाचे अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष आल स्मिथ होते. पर्किन्स यांनी या दोघा राजकारण्यांना अहवाल वाचायला देण्यावर समाधान मानले नाही. ‘आगीतून सुटकेचा मार्ग’ अशी पाटी लावलेल्या भिंतीतील भोकातून त्यांनी वॅग्नर यांना रांगत बाहेर जायला लावले, आणि त्यांना पलीकडे दिसली ती जमिनीच्या कितीतरी वर संपणारी, बर्फाने माखलेली शिडी. स्मिथ यांना त्यांनी दोरखंडाच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून पहाटे बाहेर पडणाऱ्या स्त्रिया दाखवल्या. आयोगाच्या शिफारशींवरून राज्यात तीसहून अधिक कायदे झाले. पुढे १९३५ मध्ये सिनेटमध्ये सामाजिक सुरक्षेचे विधेयक मांडणारे सदस्य हेच वॅग्नर होते, यावरून त्या दौऱ्यांचा परिणाम किती दूरवर पोचला हे समजते.

याच काळात पर्किन्स यांनी आपली पहिली मोठी तडजोड केली. स्त्रियांच्या कामाचा आठवडा ५४ तासांवर आणणारे विधेयक १९१२ मध्ये अखेरच्या क्षणी अडले, कारण फळे-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना त्यातून वगळावे, अशी अट पुढे आली होती. संघाचे धोरण अशा सवलतीच्या विरोधात असूनही पर्किन्स यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ती मान्य केली आणि कायदा पदरात पाडून घेतला. आयोगाने नंतर त्या कारखान्यांचीही पाहणी केली आणि हंगामापुरत्या काही सवलतींसह तेही कायद्याच्या कक्षेत आले. मिळेल ते आज घ्यावे आणि उरलेल्यासाठी उद्या परत यावे, ही रीत येथे यशस्वी ठरली.

मजूरमंत्रिपद स्वीकारण्यापूर्वी पर्किन्स यांनी नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापुढे किमान वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा, बालमजुरीवर बंदी, बेकारी विमा, वृद्धापकाळ विमा अशी कामांची यादी ठेवली होती, आणि ही कामे करायची नसतील तर आपणास मंत्रिपद नको, असे स्पष्ट केले होते. जून १९३४ मध्ये नेमलेल्या आर्थिक सुरक्षा समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. केंद्र सरकारला विमा चालवण्याचा अधिकार राज्यघटनेत स्पष्टपणे दिलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश हार्लन स्टोन यांनी खासगी गप्पांत कर बसवण्याच्या अधिकाराचा आधार घेण्याचे सुचवले, आणि कामगार व मालक या दोघांकडून वेतनावर कर घेऊन निवृत्तिवेतन देण्याची योजना त्याच पायावर रचली गेली. १४ ऑगस्ट १९३५ रोजी या सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि १९३७ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. आरोग्य विम्याला मात्र डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध झाल्याने तो बाजूला ठेवावा लागला.

याहून मोठी उणीव दुसरीकडे राहिली. समितीच्या मूळ मसुद्यात वृद्धापकाळ विम्यासाठी शेतमजूर आणि घरकामगार यांचा समावेश होता. अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथो यांनी त्यांच्याकडून कर गोळा करणे अवघड जाईल अशी हरकत घेतली आणि प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्यांना वगळले. कृष्णवर्णीय कामगारांपैकी निम्म्याहून अधिक आणि कृष्णवर्णीय कामकरी स्त्रियांपैकी बहुसंख्य याच दोन कामांत होत्या. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वतीने साक्ष देताना वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी या विधेयकाला चाळणीची उपमा दिली होती, आणि ती नेमकी होती. वगळण्यामागे कारभाराची सोय होती की दक्षिणेकडील जमीनमालकांच्या प्रतिनिधींचा दबाव, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु हेतू कोणताही धरला, तरी गुलामगिरीच्या काळापासून ज्यांच्या माथी ही कामे आली होती, नेमके त्यांनाच कायद्याने बाहेर ठेवले, हे सत्य बदलत नाही. पर्किन्स यांनी या मुद्द्यावर विधेयक अडवून धरले नाही. १९१२ मध्ये वगळलेल्या स्त्रियांसाठी पुन्हा विधिमंडळाचे दार ठोठावणारा संघ आणि आयोग हाताशी होता. १९३५ मध्ये वगळलेल्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी बहुतेकींना मतदानही करू दिले जात नव्हते, त्यामुळे ‘उरलेले उद्या’ या हिशेबातला उद्या त्यांच्यासाठी फार लांबला.

जून १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्याने तासाला २५ सेंट किमान वेतन ठरवले, आठवडा प्रथम ४४ आणि दोन वर्षांत ४० तासांवर आणला, तसेच १६ वर्षांखालील मुलांच्या कामावर बंधने घातली. त्यातूनही शेतमजूर आणि घरकामगार वगळलेलेच राहिले. पुढच्याच वर्षी, गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांना देशाबाहेर काढण्यात कुचराई केल्याचा ठपका ठेवून पर्किन्स यांच्यावर महाभियोगाचा ठराव आला. तो समितीतच बारगळला, पण या काळात त्यांना सहन करावी लागलेली विखारी टीका त्यांच्या स्त्रीत्वावरही घसरली होती.

नियमितपणे काम करणाऱ्या शेतमजूर आणि घरकामगारांना सामाजिक सुरक्षेत आणण्याची सुरुवात १९५० च्या दुरुस्तीने झाली आणि १९५४ मध्ये तिची व्याप्ती वाढली. वृद्धांच्या आरोग्य विम्याचा कायदा ३० जुलै १९६५ रोजी झाला. पर्किन्स यांचे निधन त्याच वर्षी १४ मे रोजी झाले होते. किमान वेतनाचा हक्क काही शेतमजुरांना १९६६ मध्ये आणि घरकामगारांना १९७४ मध्ये मिळाला, मात्र वृद्ध-आजाऱ्यांच्या सोबतीला राहणाऱ्या कामगारांना, ज्यांत स्त्रियांचाच भरणा होता, त्याही वेळी वगळण्यात आले.