बाळाला सर्दी झालीय. लस द्यायची की थांबायचं?

लसीची तारीख आजची आणि बाळाचं नाक कालपासून वाहतंय. अंगही थोडं कोमट लागतंय. आई पिशवी भरून तयार, पण आजी म्हणतात, "आधीच लेकरू बेजार झालंय, त्यात सुई कशाला? पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात गावाकडचं लग्न निघतं, त्याच्या पुढच्या आठवड्यात जुलाब होतात आणि नवव्या महिन्यात द्यायची गोवर-रुबेलाची लस वर्षाच्या वाढदिवसापर्यंत लांबते. तुमच्याही घरी असं झालंय ना?

आजींची काळजी चुकीची नाही. काही वेळा लस खरंच थांबवावी लागते. पण ती कारणं अगदी मोजकी आहेत आणि आपण घरी ज्या कारणांनी थांबतो, ती बहुतेक वेळा त्यात नसतात. उलट, जी गोष्ट सिस्टरना सुई टोचण्याआधी सांगायला हवी, तीच सांगायची राहून जाते.

या कारणांसाठी तारीख चुकवू नका

• साधी सर्दी, खोकला, बारीक ताप किंवा किरकोळ जुलाब. बाळ खेळतंय, दूध पितंय, तर लस देता येते.

• अँटिबायोटिकचा कोर्स सुरू आहे, पण बाळ आता बरं आहे.

• बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं. त्याचे आठवडे जन्मतारखेपासूनच मोजायचे. अशा बाळांना संसर्गाचा धोका जास्त, म्हणून त्यांना लस वेळेवर मिळणं आणखी गरजेचं. फार कमी वजनाचं बाळ अजून दवाखान्यातच असेल, तर डॉक्टर ठरवतील.

• बाळ अंगावरचं दूध पितंय किंवा घरात कुणी गरोदर आहे.

• घरात कुणाला फिट येतात.

• बाळाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. गोवराच्या लसीला त्याची अडचण नाही.

• मागच्या डोसनंतर ताप आला होता, मांडी सुजली होती. हा लसीचा नेहमीचा परिणाम आहे.

इथे थोडं थांबा

बाळाला जोराचा ताप आहे, न्यूमोनिया झालाय, उलट्या-जुलाबांनी ते गळून गेलंय किंवा दवाखान्यात दाखल आहे, तर डॉक्टर लस पुढे ढकलतात. कारण साधं आहे. लसीनंतर ताप वाढला, तर तो लसीचा की आजाराचा, हे कळत नाही आणि उपचार चुकू शकतात. पण बाळ बरं झालं की लगेच जा, पुढच्या महिन्याची वाट पाहू नका.

बाळाला नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल, तर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी काही महिने थांबवतात. बाहेरून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे या लसी नीट लागू पडत नाहीत. किती महिने थांबायचं, ते काय आणि किती दिलं त्यावर ठरतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

तिसरी गोष्ट स्टिरॉइडची. किडनीच्या किंवा अन्य आजारासाठी मुलाला दोन आठवडे किंवा जास्त काळ मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइड चालू असतील, तर जिवंत जंतूंच्या लसी थांबवतात आणि औषध बंद झाल्यावर साधारण महिन्याभराने देतात. दम्याचा पंप किंवा त्वचेवर लावायचं मलम यात सहसा येत नाही.

हे मात्र आधी सांगाच

मागच्या डोसनंतर काही मिनिटांत किंवा काही तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, बाळ निपचित पडलं, असं काही झालं होतं का? ही तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. ती नक्की झाली, तर तीच लस पुन्हा देत नाहीत.

पेंटाव्हॅलंट किंवा ट्रिपलनंतर सात दिवसांच्या आत बाळाच्या मेंदूवर परिणाम झाला, शुद्ध हरपली किंवा फिट थांबेचनात आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर पुढे डांग्या खोकल्याचा भाग वगळलेली लस देतात. फिट आटोक्यात नसतील किंवा मेंदूचा आजार वाढत चालला असेल, तरीही आधी डॉक्टरांना विचारतात. नुसती कधीतरी तापात फिट आली होती, म्हणून सगळ्या लसी बंद करायच्या नसतात.

आतड्यात आतडं अडकण्याचा आजार बाळाला होऊन गेला असेल, तर रोटाव्हायरसचे थेंब देत नाहीत.

बीसीजी, तोंडावाटे द्यायचा पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला आणि कांजिण्या या लसींत जिवंत पण अशक्त केलेले जंतू असतात. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती जन्मतःच फार कमी आहे किंवा ज्याची केमोथेरपी सुरू आहे, त्याला त्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. आधीचं भावंड तान्हेपणी वारंवार संसर्ग होऊन दगावलं असेल, तर ते दुःख बाजूला ठेवून जन्माच्या वेळीच डॉक्टरांना सांगा. त्या एका वाक्यावर या बाळाची सुरक्षितता अवलंबून असू शकते.

अशा मुलांचं रक्षण मग कोण करणार? आजूबाजूची लस घेतलेली मुलं. म्हणून त्यांच्या भावंडांना गोवराची लस नक्की द्या. तोंडावाटे पोलिओच्या डोसाबद्दल मात्र आधी विचारा. 2022च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला, मुलं दगावली. लागण झालेल्या अनेक मुलांना लस मिळालेली नव्हती. 'पुढच्या आठवड्यात बघू'ची किंमत कधीकधी एवढी मोठी असते.

लसीनंतर

अर्धा तास केंद्रावरच थांबा. तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा याच वेळात दिसते आणि उपचार तिथेच मिळतात. पेंटाव्हॅलंटचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवराच्या लसीचा ताप किंवा पुरळ आठवड्याभराने येऊ शकतं, तेव्हा घाबरू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, त्याला मलम लावू नका, दाबू नका. तापाचं औषध वजनानुसार विचारूनच द्या. बाळ तीन तासांहून जास्त न थांबता रडलं, फिट आली, अंग ढिलं पडलं किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना गाठा आणि ही गोष्ट कार्डावर लिहून घ्या.

तारीख चुकलीच तर?

लाजू नका. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे जातात. काही लसींना वयाची मर्यादा असते, एवढंच लक्षात ठेवा. बदलीमुळे इंदूर, बडोदा, बेंगळुरू असं कुठेही गेलात, तरी सरकारी वेळापत्रकातल्या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. कार्ड जपा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि यू-विनवर नोंद झालीय का, ते विचारा.

आणि सर्दी झालेल्या बाळाचं काय? त्याला घेऊन केंद्रावर जा. आजींनाही सोबत न्या. थांबायचं की नाही, ते बाळाला तपासून सिस्टर किंवा डॉक्टर सांगतील. घरी बसून आपण ठरवायला नको.