गाडीत नवा स्टिरिओ बसवताय? आधी हे बघा

राळेगणसिद्धीहून नगर किंवा पुण्याला सहकुटुंब निघायचं तर जुन्या गाडीतही मोठा स्क्रीन हवासा वाटतो. पण दुकानदार ज्याला ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणतो, त्यात ‘अँड्रॉइड ऑटो’ असेलच असं नाही. ऑटो म्हणजे आपल्याच फोनमधला नकाशा, कॉल, गाणी स्क्रीनवर. आयफोनला कारप्ले लागतं. आपला फोन दुकानातच जोडून बघा.

खरी गोम वायरिंगमध्ये आहे. स्टिरिओची पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची. घाईत दोन्ही बॅटरीलाच जोडल्या, तर गाडी बंद असतानाही स्टिरिओ करंट खात राहतो. मग रात्री घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं, अन् गाडी स्टार्टच होत नाही! म्हणून आपल्या मॉडेलचा कपलर मागा, मूळ वायर कापू देऊ नका. चावी काढल्यावर स्क्रीन पूर्ण बंद होतो का, हे पैसे देण्याआधी तपासा.